हिऱ्याच्या मापाचं नाक

माझा धाकटा भाऊ विपुल दुबईत एसी दुरुस्तीच्या कंपनीत सुपरवायझर आहे, पण गावी आला की जगातल्या सगळ्या मालाचे भाव त्यालाच ठाऊक असतात. मागच्या दिवाळीत अकोटजवळच्या आमच्या घरी झेंडूच्या ढिगाशेजारी बसून त्यानं आईच्या नाकाकडे बघितलं आणि जाहीर केलं, "आई, तुह्यासाठी हिऱ्याची चमकी आनतो. इथं हिरा घेनं म्हंजे लुटून घेनं हाये. तिकडं टॅक्स कमी, घडनावळ कमी, माल एक नंबर."

हिऱ्याची चमकी ही आईची जुनी हौस. दरवर्षी दसऱ्याला विकलेल्या फुलांच्या पैशांतून ती त्यासाठी थोडं बाजूला टाकत आली होती. तिला अकोल्याच्या आमच्या सराफाकडे जायचं होतं, आरशासमोर बसून चार चमक्या नाकाला लावून बघायच्या होत्या. मी तेच म्हणाले. पण लग्न होऊन अमरावतीला गेलेल्या बहिणीचं कोण ऐकतो?

"विपुल, उद्या खडा हालला तर दुरुस्तीला काय विमानानं जायचं का?"

"ताई, तू मास्तरीन हायेस ना, हिशोब पाय," म्हणून त्यानं मला गप्प केलं.

जाताना त्यानं आईची नाकातली चमकी मागून घेतली. मापासाठी. माहेरहून आलेली, लाल खड्याची, जाड दांडीची ती चमकी लग्नापासून आईच्या नाकातून निघाली नव्हती. काढताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ती रुमालाच्या गाठीत बांधून दिली आणि भोक बुजू नये म्हणून कडुलिंबाची काडी तासून नाकात घातली. "थोड्याच दिवसायची तं गोष्ट हाये," म्हणाली.

थोडे दिवस कसले डोंबलाचे! थंडी सरली, शेवंती सरली, आईच्या नाकात आपली काडीच. वाळून गळाली की ती दुसरी तासायची. एकदा अकोटच्या बाजारात फुलं घ्यायला आलेल्या बाईनं तिच्या नाकाकडे बघून आवाज खाली आणत विचारलं, "काहून वं बाई, घरधनी गेले का?" घरधनी, म्हणजे आमचे बाबा किसनराव, शेजारीच तराजू धरून उभे होते. आई हे फोनवर हसत हसत सांगत होती. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. सवाष्ण बाईवर ही पाळी आणणारा आमचा शहाणा तिकडे थंड हवेत सवलती शोधत होता.

तिवशाला चुलत बहीण दीपमालाचं लग्न निघालं तेव्हा विपुल आला. मखमलीची डबी, आत कापसावर चमकी. हिरा सुंदर होता, खोटं कशाला बोलू? पण दांडी सुईसारखी बारीक, आणि आईच्या नाकाचं भोक जुन्या जाड दांडीचं. आईनं चमकी घातली, देवापुढे वाकली आणि हिरा फिरकीसकट तिच्या पदरात पडला. पुन्हा घातली, शिंक आली, पुन्हा पदरात.

"तू माप नेलं होतं ना रे?" मी विचारलं.

"अवं ताई, तिकडं अशाच बारीक दांडीच्या येतात. साऱ्या जगात चालतात."

"मग जुनी काढ. लग्नाला तरी ती घालू दे तिला."

तो मोबाइलमध्ये बघायला लागला. "ते देऊन टाकली. जुनं सोनं देल्लं तं अखीन सूट भेटली."

आई उभी होती ती खाली बसली. "माह्या आईची चमकी?"

"तिच्यात होतं काय, आई? एवढुसं सोनं अन काचेचा खडा." आणि मग, देवाशपथ सांगते, तो म्हणाला, "त्यापक्षा तू नाक दुसऱ्यांदा टोचून घे ना, बाजूले. बारीक भोक. दोन मिन्टाचं काम हाये."

मी जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. मापाला नेलेली वस्तू मोडीत घालतो आणि वर आईचं नाक हिऱ्याच्या मापाचं करायला सांगतो! अरे, हे हिरे घासतात आपल्या सुरतेला, आणि सुरतेची गाडी आपल्या अकोल्यावरून जाते. तो खडा दुबईला फिरून आला म्हणून शहाणा झाला का? विपुल खाली मान घालून ऐकत होता, पण अधूनमधून "सस्ता तं पडला ना" हे चालूच होतं. आईनं डबी त्याच्या हातात दिली आणि परसात जाऊन कडुलिंबाची नवी काडी तासायला बसली.

लग्नात पंगत बसली. पोरीकडचा म्हणून विपुल वांग्याच्या भाजीची बादली घेऊन वाढत होता. तानुमावशी आईच्या शेजारी होती, आणि तिचा आवाज मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जातो.

"काहून वं मैना, पोरगा दुबईले, अन नाकात काडी?"

आईनं मान वर केली. विपुल समोरच उभा होता.

"त्यानंच देल्ली," आई शांतपणे म्हणाली. "दुबईवरून. इथल्यापक्षा लय सस्ती पडली."

सगळी पंगत हसली. विपुलच्या हातातला पळा बादलीत तसाच राहिला. त्याचे कान लाल झालेले मला दिसले, आणि खरं सांगते, मला जरासुद्धा दया आली नाही.

तो आईपुढे उकिडवा बसला. "आई, उद्या अकोल्याले जाऊ. सराफ याच हिऱ्याले जाड दांडी लावून देईन."

"जाऊ," आई म्हणाली. "पन हिरा तुह्यापाशीच ठेव. मले लाल खडा पाह्यजे. माह्या फुलायच्या पैशाचा." तिनं भाजीसाठी ताट पुढे केलं. "अन या बारीनं माप मी सोता घेऊन येतो."