सहा बोटांचा हातमोजा

माझ्या उजव्या हाताला सहा बोटं हायत. करंगळीच्या शेजारी आणखी एक, नखासकट, आणि वाकतंय सुद्धा! अम्मीच्या माहेरचं देणं हे. नानांना हुतं, मावशीला हाय. अम्मीला तेवढं न्हाय. बी.एस्सी.ला आनुवंशिकता शिकताना मला कोडंच पडलं हुतं, तिला न्हाय तर मला आलं कुठनं?

कागल एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माझी निवड झाली. मेडिकलच्या दिवशी सेफ्टीच्या यशराज साहेबांनी माझा हात बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"इरम, हातमोजा बसणार न्हाय तुम्हाला. बिनमोज्याचं आत सोडत न्हाय. बोट काढून घ्या की, पंधरा मिनिटांचं काम! न्हायतर पुढची पोरगी तयार हाय."

घरी येऊन अम्मीसमोर ढसाढसा रडले. तिनं बांगड्या मागं सारल्या आणि करंगळीखालचा वण दाखवला. भाजल्याचा म्हणून सांगायची इतकी वर्षं.

"मला बी हुतं. लग्न ठरल्यावर कापलं, सासरी अपशकुन नको म्हणून. मी गप बसले. तू बसलीस तर याद राख!"

मग लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं कारखान्यातल्यासारख्याच चामडी हातमोज्यांच्या दोन जोड्या आणल्या. एका मोज्याचं बोट उसवून अम्मीनं दुसऱ्याला जोडलं, दुहेरी शिवण घालून.

सोमवारी मोजा घालूनच साहेबांपुढं उभी राहिले.

"असलं कुठं असतंय व्हय? माणसाला पाच बोटं असत्यात."

"कुणी ठरवलं? पाण्यातनं वर आलेल्या पहिल्या जनावरांना सात-सात, आठ-आठ बोटं हुती, साहेब. माशांच्या परांना बोटं फुटली तेव्हा तुम्ही गेटवर असता, तर कापून या म्हणला असता. आपण सगळी अजून डबक्यातच असतो! मोजा तपासा. शिवण उसवली तर मी आपली आपण जाते."

त्यांनी दोन्ही हातांनी ओढून बघितला. तेल ओतलं, पाणी ओतलं. अम्मीची शिवण ती, हलायची न्हाय.

"बरं बाई," म्हणत त्यांनी फॉर्म पुढं सरकवला. 'शारीरिक दोष' ह्या रकान्यात त्यांनी आधीच लिहून ठेवलं हुतं, सहावं बोट. मी त्यावर आडवी रेघ ओढली.

साहेब ओरडले, "अहो, कागदावर खाडाखोड चालत न्हाय!"

"आणि माझ्या हातावर चालत हुती व्हय?"