पान पाचवरचा ठिपका

मी म्हातारा बोलतोय. शाळेच्या छपाईच्या खोलीतलं जुनं यंत्र. बोलतोय म्हणजे काय, तुम्ही बोलायला लावताय. मला हौस नाही. वर्षभर या जिन्याखालच्या कोठारात मोडक्या बाकांच्या मागे पडलोय, तेव्हा कुणी काही विचारायला फिरकलं नाही. आता सोमवारी भंगारवाला तीनचाकी घेऊन येणार म्हटल्यावर तुम्हाला माझी कहाणी हवी! बरं, ऐका. मध्येच थांबलो तर रागावू नका. जिन्यावर पावलं वाजली की माझं लक्ष उडतं.

शिक्षण विचाराल तर शून्य. वीस वर्षं इंग्रजी छापलं, पण एक अक्षर येत नाही. मला ते सगळं मुंग्यांच्या रांगांसारखं दिसतं. कागद मात्र ओळखतो. कागदाच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये.

जन्म समुद्रकाठच्या एका कारखान्यात. तिथून लाकडी खोक्यात बसून, दोन दिवस ट्रकचे हिसके खात या तालुक्याला आलो. आलो त्या दिवशी माझ्या झाकणावर लाल कागदाचं फूल चिकटवलं, फटाके वाजवले, मुख्याध्यापकांनी भाषण ठोकलं. शाळेतली पोरं इंग्रजीत मागे पडतात त्याला म्हणे मीच उपाय. मला तेव्हा खरंच वाटलं.

माझ्या आधी एक हाताने फिरवायचं यंत्र होतं, आणि ते फिरवणारा होता ताओ. मला बघून त्याने खांदा चोळला आणि म्हणाला, "आलास बाबा! माझा हात सुटला." ताओ चौथीपर्यंत शिकलेला. आमची दोघांची जोडी जमली ती त्यामुळेच. जगाला कळणारं इंग्रजी आमच्या खोलीतून बाहेर पडायचं आणि आत दोन अडाणी बसलेले. माझ्या झाकणावर काहीही ठेवू नये असं पुस्तकात लिहिलंय. ताओ त्यावर चहाची बरणी ठेवायचा आणि सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचा. टरफलं माझ्या रुळात जायची. दहा वर्षांनी तो मला 'म्हातारबा' म्हणायला लागला. तो स्वतः माझ्याहून म्हातारा, पण ते राहू दे.

काम सांगतो. काचेवर मूळ कागद ठेवायचा, मी त्याची स्टेन्सिल, म्हणजे भोकाभोकांचा पातळ कागद, कापून पोटातल्या पिंपाला गुंडाळतो आणि धडाधड प्रती काढतो. एका पत्रिकेत चार उतारे, उताऱ्याच्या पाठच्या बाजूला चार प्रश्न, प्रश्नाखाली चार पर्याय. पोरांनी उतारा वाचायचा आणि वेगळ्या कागदावर पेन्सिलीने गोल काळा करायचा. दर आठवड्याला एक चाचणी, दर महिन्याला मोठी, आणि सगळ्यांच्या डोक्यावर लटकलेली ती बारावीनंतरची कॉलेजप्रवेशाची परीक्षा, गाओखाओ. एकट्या बारावीची अकराशे चाळीस पोरं. हिशेब तुम्हीच करा, माझा रूळ झिजलाय.

काम झालं की मूळ कागद भिंतीवरच्या खिळ्याला टोचायचा, ही ताओची रीत. त्या खिळ्यावर दोन-दोन वर्षांचे कागद लोंबत असायचे. साफ कर म्हटलं की म्हणायचा, "लागतात कधी कधी."

थांबा. कुणीतरी आलं... नाही. झाडूवाली होती.

तर को शान. ही बारावीच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात हुशार पोरांच्या, वर्गातली पोरगी, इंग्रजीची वर्गप्रतिनिधी. प्रत्येक विषयाची एक असते. गठ्ठे न्यायचे, वह्या गोळा करायच्या, शिव्या खायच्या. गुरुवारी ती यायची, ओल्या शाईवर फुंकर मारत गठ्ठा छातीशी धरायची आणि तिच्या हनुवटीला काळं लागायचं.

"काका, आज उतारे कशावर आहेत?"

"मला विचारतेस? म्हातारबाला विचार. त्याने सगळे वाचलेत."

असली त्यांची थट्टा. बाकीची पोरं उतारे वाचत नाहीत, ही एकटी वाचते, असं फान बाई म्हणायच्या. फान बाई म्हणजे तिच्या इंग्रजीच्या शिक्षिका. कारण वरचे स्यांग सर, आमचे उपमुख्याध्यापक, त्यांनी नवी पद्धत काढली होती. आधी प्रश्न वाचा, मग उताऱ्यात तेवढे शब्द शोधा, वेळ घालवू नका. प्रत्येक वर्गात तसा फलक लावला होता. तोही मीच छापला.

नोव्हेंबरातली महिन्याची चाचणी. दमट थंडी होती, भिंतींना पाणी सुटलेलं. पान पाचची स्टेन्सिल पिंपावर सुरकुतली. ती सुरकुती माझ्यामुळे पडली, कबूल. ताओने ती फाडून टाकली. पुन्हा कापायची तर मूळ कागद हवा, आणि तो तर आधीच खिळ्यावर गेलेला. चष्मा कपाळावर ठेवून ताओने नीट न बघता हात लांब केला, पाच आकडा दिसला तो कागद ओढला आणि काचेवर टाकला.

माझ्या लगेच लक्षात आलं. नवा कागद कडक असतो. हा मऊ, सादळलेला, कडेला पिवळा. मी किरकिर केली. रूळ दोनदा अडवला. यापेक्षा जास्त यंत्राने काय करायचं?

ताओने माझ्या कुशीत एक गुद्दा घातला. "चल रे म्हातारबा, नाटकं पुरेत!"

चाललो.

आठ दिवसांनी भोंग्यावरून स्यांग सरांचा आवाज आला. तिसऱ्या उताऱ्याला पोरांनी कधी नव्हे इतके गुण मिळवले म्हणे. नव्या पद्धतीचा विजय. ताओने टाळ्या वाजवल्या, बरणीतला चहा माझ्यावर सांडला.

त्याच दुपारी को शान आली. गुरुवार नव्हता.

"काका, पान पाचचा मूळ कागद बघू."

"का गं? गुण पडले की छपाईवाल्याकडे यायचं, ही कुठली नवी फॅशन?"

"मी चारही गोल कोरे ठेवले."

ताओला ठसका लागला. "कोरे? डोकं फिरलंय का तुझं?" गोल कोरा ठेवणं हे आमच्या शाळेत नागडं फिरण्यासारखं. न येणारं पोरगंसुद्धा डोळे मिटून एक काळा करतं.

"उत्तरंच नव्हती उताऱ्यात. पुढे उतारा आहे मधमाश्यांवर. मागच्या पानावर प्रश्न काय, तर म्हातारी टपालवाली डोंगरातून परत का फिरली! मी तीनदा वाचला, काका. त्यात म्हातारी नाही, डोंगर नाही, काही नाही."

"मग बाकीच्यांनी गोल भरले ते कसे?"

"असल्या उताऱ्यांत माणसं शेवटी चांगलीच वागतात. चारांतला सगळ्यात भला पर्याय निवडायचा, झालं. न वाचतासुद्धा बरोबर येतं."

"आणि तुझ्या फान बाई? वर्गात उत्तरं सांगताना त्यांना दिसलं नाही?"

"ज्या उताऱ्याला चांगले गुण, तो त्या पुन्हा घेत नाहीत. वेळ जातो म्हणतात." तिने नाक पुसलं. "दहा गुण गेले. एकोणतिसावी होते, एकसष्टावी झाले. पन्नासच्या पुढचे सोमवारी पहिल्या वर्गातून बाहेर."

बाहेर म्हणजे कसं, ते सांगतो. चौथ्या मजल्यावरचा आपला बाक आणि पुस्तकं आपणच उचलायची आणि सगळ्या वर्गांच्या दारांवरून दुसऱ्या मजल्यावर न्यायची. पोरं खिडक्यांना लोंबकळून बघतात. मी दर वर्षी त्या बाकांचे पाय जिन्यावर आपटताना ऐकलेत. आणि पहिल्या वर्गाला जे मास्तर असतात ते खालच्याला नसतात. गाओखाओला सहा महिने उरलेले.

"स्यांग सरांकडे गेले होते," ती म्हणाली. "ते म्हणाले, अकराशे पोरांना जे कळलं ते तुला एकटीला कळलं नाही, तर चूक कागदाची का?"

ताओने बरणी बाजूला सरकवली. तिने आपली पत्रिका माझ्या झाकणावर पसरली, चहाच्या डागाशेजारी. "आणि हा ठिपका बघा. पान पाचच्या कोपऱ्यात. सगळ्यांच्या पत्रिकेवर आहे. बाकीच्या एकाही पानावर नाही."

काळा, गोल, ज्वारीच्या दाण्याएवढा. भोकाची सावली.

दोघांनी एकदमच खिळ्याकडे बघितलं. पोरगी स्टुलावर चढली. वरचाच कागद मधमाश्यांचा, मागच्या वर्षीच्या बारावीचा. त्याच्या खाली टपालवाली म्हातारी, कडक, कोरीकरकरीत.

ताओने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

"काका," ती खाली उतरून म्हणाली, "मी नाही सांगणार कुणाला."

"आणि बाक?"

"उचलीन."

"मूर्ख आहेस." ताओचा आवाज फाटला. "मार्चमध्ये माझं कंत्राट संपतं. तोवर चूक सापडली तर पेन्शनला कात्री, एवढंच. तू बस इथे." आणि दोन्ही कागद घेऊन तो स्वतः फान बाईंना आणायला गेला. हे मी मुद्दाम सांगतोय. माणूस भित्रा नव्हता. निदान त्या जिन्यापर्यंत नव्हता.

फान बाई आल्या, त्यांच्या मागोमाग स्यांग सर. एवढीशी खोली, चार माणसं आणि मी. बाईंनी कागद वाचले आणि खुर्ची नसताना बसायला गेल्या.

"सर, उतारा चुकीचा छापलाय. चारही प्रश्न रद्द करावे लागतील."

"रद्द? मी भोंग्यावरून सांगितलंय सगळ्या शाळेला!"

"न वाचलेल्या उताऱ्याला पोरांनी सगळ्यात जास्त गुण मिळवलेत, सर. हे लपवलं तर उद्या कुणीतरी हसेल. आज दुरुस्त केलं तर नुसतीच दुरुस्ती."

स्यांग सरांनी कपाळ पुसलं. हिशेबी माणूस. त्यांच्या पद्धतीची अब्रू होती, बाईंनी न तपासता पत्रिका वाटली ती बाईंची अब्रू होती, आणि खिळ्याखाली ताओ उभा होता. सर्वांच्या अब्रूला पुरेल एवढं एकच पांघरूण त्या खोलीत होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"यंत्र फार जुनं झालंय. नाही का ताओ?"

ताओने खिळ्याकडे बघितलं.

"जुनी यंत्रं पानं गोंधळतात. तू बिघाडाचा अर्ज भर, सही कर. प्रश्न रद्द होतील. पोरीची जागा राहील. कुणाला कुणाचं काही विचारायला नको."

मी वाट बघत होतो. वीस वर्षांत मी त्या माणसाचा एक कागद गोंधळला नव्हता. सुरकुती पाडली असेल, गोंधळला नव्हता. पोरगी खाली बघत होती. बाई खिडकीतून बाहेर.

"हो," ताओ म्हणाला. "जुनं झालंय."

अर्ज त्याने माझ्याच झाकणावर ठेवून भरला. पेनाचा प्रत्येक टोचा मला लागला.

सोमवारी को शानचा बाक हलला नाही. चव्वेचाळिसावी आली ती. जिन्यावर बाकांचे पाय वाजले, त्यात तिच्या बाकाचे नव्हते. मी नीट कान देऊन ऐकलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. सूचना फलकावर लागली: 'छपाई यंत्रातील बिघाडामुळे'. तीसुद्धा माझ्याकडूनच छापून घेतली. पंधरा दिवसांत नवं यंत्र आलं, त्याच्या झाकणावर लाल फूल लागलं आणि मला चौघांनी इथे ढकललं.

को शान येऊन गेली. गाओखाओ झाल्यावर, सुट्टीत. बाहीने माझी धूळ पुसली आणि म्हणाली, "म्हातारबा, चूक तुझी नव्हती. मला तेव्हाच बोलायला हवं होतं." तिचं माझं मिटलं. फान बाई एकदा जुना फळा शोधायला आल्या होत्या, झाकणावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. ते मी माफीत धरलं. स्यांग सरांकडून अपेक्षाच नाही. त्या माणसाची अब्रू झाकायला माझ्यासारखी दहा यंत्रं लागतील.

मार्चमध्ये ताओचं कंत्राट संपलं, निरोपाचे फटाके वाजले. त्या संध्याकाळी एकजण या दारापाशी आला. खोकला माझ्या ओळखीचा. काडी ओढल्याचा आवाज आला, विडीचा वास आला. विडी संपेपर्यंत तो उभा होता. कडीला हात लावला नाही. गेला. अजून शाळेच्या फाटकाजवळ दुपारी सोंगट्या खेळायला येतो, हरला की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतो.

पोरगी म्हणाली होती ना, असल्या उताऱ्यांत माणसं शेवटी चांगलीच वागतात, न वाचताही उत्तर बरोबर येतं. म्हणून मी पावलं मोजतो. सही केलीस त्याचा राग नाही रे. पोरीसाठी मीही केली असती, हात असता तर. पण मी रूळ दोनदा अडवला होता, आणि तू गुद्दा घातला होतास. त्या गुद्द्याचं काय ते बोल, एवढंच.

आज शनिवार. बाकी सगळ्यांना मी मोकळं केलं. एकच राहिलाय. ताओ येनशू.