संध्याकाळची सपाट रेघ

“आली का गं?”

खांबावरून बाबांचा आवाज यायचा. ती तेव्हा खिडकीच्या गजांएवढी होती. घरातल्या दिव्याकडे टक लावून उभं राहायचं आणि तो पेटला की गळा काढून ओरडायचं, एवढंच तिचं काम. “आली! आली!” मग सगळी गल्ली ओरडायची, आणि बाबा असे उतरायचे, जणू सूर्यालाच तारेला बांधून आलेत. वसाहतीनं त्यांचं नावच ठेवलं होतं, खांबबाबा.

बाबा ज्या वीज कंपनीत लाइनमन होते, तिथंच आता ती विजेचे दर ठरवायच्या विभागात होती. बाबा निवृत्त झाले, आई गेली, पण त्यांनी ती वसाहत आणि त्या दोन खोल्या काही सोडल्या नाहीत. “लेकीच्या घरी चार दिवस पाहुणा, पाचव्या दिवशी अडगळ,” म्हणायचे आणि हसायचे.

कंपनीनं कूस बदलली होती. शहराबाहेरच्या माळावर सोलरची पॅनेलं ऊन पीत पसरली होती. दुपारी वीज उतू जायची. पण सूर्य कलला की घराघरातली बटणं एकदम दाबली जायची आणि कोळशाचं म्हातारं केंद्र धापा टाकत पुन्हा पेटवावं लागायचं. त्याची काजळी दोरीवरच्या धुतल्या कपड्यांवर येऊन बसायची. म्हणून नवा दर होता. दुपारची वीज स्वस्त, संध्याकाळची महाग. लोकांनी धुणं, इस्त्री, पाण्याचा पंप दुपारी उरकावा, संध्याकाळ हलकी व्हावी, आणि एक दिवस ते केंद्र कायमचं विझावं. यात खोटं काही नव्हतं. तिचा या कामावर जीव होता.

पहिल्या मसुद्यात तिनं एक ओळ घातली होती, की दिव्या-पंख्यापुरती वीज संध्याकाळीही जुन्याच दरानं मिळावी. मोठे साहेब म्हणाले, “अहो, दर कसा सुटसुटीत हवा. असे फाटे फोडलेत तर ग्राहकाच्या डोक्यात काय शिरणार?” तिनं वाद घातला नाही. ओळ खोडली.

दर आधी एका वसाहतीत लावून बघायचा होता. तिनं बाबांची वसाहत सुचवली. बाबा तर हरखलेच. दारोदार जाऊन ते समजावत सुटले. शेजारची शिंपीणबाई दारातच त्यांना गाठायची.

“खांबबाबा, दिवसभर लोक मापं द्यायला येतात, मी शिवायला बसते संध्याकाळी. तुमच्या लेकीला सांगा, सूर्यालाच जरा ओव्हरटाइम द्या म्हणावं!”

“सांगतो की. पण तो कंपनीचा माणूस नाही ना, ऐकायचा नाही.”

नव्या मीटरांमुळे प्रत्येक घराचा दिवस कचेरीतल्या पडद्यावर रेघ होऊन उमटायचा. बहुतेक घरांची रेघ संध्याकाळी थोडी खाली आली होती, उंटाचं मदार जरा खचावं तशी. एकच रेघ मात्र सूर्य कलताच जमिनीला टेकायची आणि सारवल्यासारखी सपाट पडून राहायची.

“वा!” साहेब खुर्चीतून उठलेच. “याला म्हणतात ग्राहक. कुणाचं घर?”

“माझ्या वडिलांचं.”

“मग काय, घरचाच दाखला! अहवालाच्या पहिल्याच पानावर टाका.”

पंखा? दिवा? तेही बंद? तिच्या मनात आलं होतं. पण रेघ देखणी होती आणि साहेब खूश होते. तिनं ती पहिल्या पानावर टाकली.

मग एका संध्याकाळी ती न कळवता वसाहतीत गेली. बाबा उंबऱ्यावर बसले होते. मागे घर काळंकुट्ट. बनियन घामानं अंगाला चिकटलेलं, हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र, त्यानंच वारा घेत होते. ती आत शिरून बटणाकडे वळली.

“राहू दे गं. आत्ता तुझे महागाचे तास आहेत.”

“बाबा, एक दिवा लावल्यानं काय होतंय? पेन्शन पुरत नाही का?”

“पेन्शन पुरून उरते. पैशाचं नाही ते.” त्यांनी वर्तमानपत्र दुसऱ्या हातात घेतलं. “लोक म्हणायला नकोत, हिच्या बापाच्याच घरात संध्याकाळी झगमगाट. तुझी रेघ खाली राहिली पाहिजे बघ.”

“आणि कोपराला काय झालं?”

“चौकट लागली. म्हातारी झाली ती पण, अंधारात जागा सोडून उभी राहते.”

तिनं दिवा लावला, पंखा लावला. आईच्या वेळचा तो पंखा कुरकुरत फिरू लागला. बाबा डोळे मिचकावत हसले. पण ती गल्लीच्या वळणावर पोचली आणि मागे पाहिलं, तर खिडकी पुन्हा विझली होती. शेजारी शिंपीणबाईचीही विझलेली, शिलाई मशीन गप्प. त्यापुढची विधुर मास्तरांची, तीही. आई जात्यासारखी एकाच लयीत गुणगुणायची, ते तिला तिथं उभ्या उभ्या ऐकू आलं:

दिवा मालवला, अंधाराला म्हणू काय,
भिंतीशी बोलता, भिंतसुद्धा झाली माय.

कंपनीत याला बचत म्हणत होते. तीही म्हणत होती. तिचे कान तापले. कुणी पाहत नव्हतं, तरी तिला पदर ओढून तोंड लपवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती सांगायला म्हणून साहेबांच्या खोलीत गेली. ते आधीच बोलू लागले. “सुनावणी तोंडावर आलीय. वीज नियामक आयोगानं मान डोलावली की सगळ्या शहराला हाच दर. तुमच्या वडिलांनाच आणू या, दोन शब्द बोलतील.”

“बरं,” ती म्हणाली. ते ‘बरं’ भातातल्या खड्यासारखं दिवसभर दाताखाली आलं.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. बाबांनी पूर्ण बाह्यांचा सदरा घातला होता, कोपर झाकेल असा. पडद्यावर त्यांची रेघ आली. साहेबांनी माइक त्यांच्यापुढे धरला.

“बाबा, सांगा आता सगळ्यांना तुमचं गुपित.”

बाबांनी घसा खाकरला. “गुपित कसलं आलंय? नवे दिवे लावले, ते वीज कमी खातात. पंखासुद्धा नवीन घेतला. संध्याकाळी मजेत बसतो त्याच्याखाली, पेपर वाचत.”

टाळ्या पडल्या. तार मेली आहे, तिच्यात वीज नाही, हे स्वतः तपासल्याशिवाय ज्यांनी उभ्या जन्मात कधी ‘मेली’ म्हटलं नव्हतं, ते तिचे बाबा भरल्या सभेत खोटं बोलले होते. आणि बोलून झाल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं, परीक्षेत बरोबर उत्तर दिलेल्या पोरासारखं. मागच्या रांगेत शिंपीणबाई मान खाली घालून बोटावरचं शिवणाचं टोपण फिरवत राहिली. तिनं हरकत घेतली नाही. खांबबाबांना कोण खोटं पाडणार?

“कुणाला काही म्हणायचंय?” आयोगाच्या अध्यक्षांनी विचारलं. कुणी हललं नाही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

कंपनीच्या रांगेतून ती उठली.

“अहो, तुम्ही आपल्या बाजूच्या,” साहेब दबक्या आवाजात म्हणाले. “बसा.”

बाबांनी लांबूनच मान हलवली. नको.

“माझ्या वडिलांनी नवा पंखा घेतलेला नाही,” ती म्हणाली. आवाज फाटला, पण थांबला नाही. “जुना आहे, तोही बंद असतो. ते संध्याकाळी दिवाच लावत नाहीत, माझी रेघ खाली राहावी म्हणून अंधारात बसतात. शेजारपाजारचीही कितीतरी घरं तशीच आहेत. कोळशाचं केंद्र बंद व्हायलाच हवं, पण ही बचत नाही. दिव्या-पंख्यापुरती सूट मसुद्यात होती. ती मी खोडली. आणि बाबांना अंधारात बसलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघून आले होते. तरी गप्प बसले.”