उंबऱ्यावरची पायली

मी एक जुनी पायली आहे. जुनी म्हटले म्हणून लगेच हळहळू नका, मित्रांनो. कुणी कीव केली की माझे पितळ तापते. सध्या मी सोलापूरच्या मंगळवार पेठेत, एका घरातल्या न्हाणीशेजारी असते आणि माझ्यात भांडी घासायची राख असते. असू दे. राख भरा नाहीतर मोती भरा, मी चार शेरच घेते. एक काळ तेवढा असा होता की मी चार शेर घेत नव्हते, आणि मला त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

मला हरिबा तांबटाने घडवले. धान्याचा व्यापारी चनबसप्पा मला करून घ्यायला आला होता, आणि तो असा किचकट गिऱ्हाईक की हरिबाला घाम फुटला. मला शेराशेराने भरायचे, ओतायचे, काठ कानसीने घासायचा, पुन्हा भरायचे.

"आता बास की, चनबसप्पा," हरिबा म्हणाला.

"बास न्हाय. माझ्या दुकानात बाया डोळं झाकून पदर पसरत्यात. बराबर म्हंजे बराबर."

त्या बोलण्यावर मी भाळले. ज्या घरात जायचे तिथला धनीच असा, म्हणजे जन्माचे सोने झाले असे मला वाटले.

धान्य मोजताना पहिल्या मापाला आमच्याकडे कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. चनबसप्पाचा 'लाभ' रस्त्याच्या पलीकडे ऐकू जायचा. विणकरांच्या बाया तेलुगूत बोलत, गिरणीतल्या बाया मराठीत, खेड्यावरून आलेले शेतकरी कानडीत; पण माझ्यात ज्वारी पडताना कुणी वाकून बघत नसे. दोघे भांडू लागले की तिसरा म्हणे, "चनबसप्पाच्या पायलीवानी बोल की जरा!" मित्रांनो, मी फुगले नाही असे म्हटले तर ते खोटे होईल.

मग समोर दुसरे दुकान उघडले. नवी पाटी, उतरलेला भाव. आमची गिऱ्हाइके एकेक करून रस्ता ओलांडू लागली. चनबसप्पा दुष्ट नव्हता, तो घाबरला. दुष्टाईपेक्षा भीती जास्त नासधूस करते, हे मी पाहिले आहे. एका रिकाम्या दुपारी त्याने मला पालथे घातले, स्वयंपाकघरातून खलाचा लोखंडी बत्ता आणला आणि खालून तळावर ठोके घातले. तळ आतल्या बाजूला उचलला गेला. बाहेरून मी होते तशीच, चकचकीत. माझ्यात आता मूठभर ज्वारी कमी मावत होती.

त्यानेही भाव उतरवला. गिऱ्हाइके परतली. 'लाभ' मात्र तो पुटपुटल्यासारखा म्हणू लागला. मला बोलता आले असते तर मी तेव्हाच ओरडले असते. पितळेला आवाज असतो, पण ठोका बसल्याशिवाय तो निघत नाही, आणि ठोका घालणारा तर हाच.

एकदा रुक्मिणी आली. ती गिरणीत सूत गुंडाळायची आणि धान्य न्यायला नेहमी तेच एक मातीचे गाडगे आणायची.

"मालक, पायलीभर जवारी पयली गळ्याला लागायची की. आता बोटभर खाली ऱ्हातीया."

"मग तुझं गाडगं मोठं झालं आसंल," चनबसप्पा म्हणाला.

दुकानातले सगळे हसले. रुक्मिणी गाडगे डोक्यावर घेऊन निघून गेली, आणि तिच्या मागे बघत एकच जण हसायची राहिली, ती मल्लव्वा.

मल्लव्वा चनबसप्पाची लेक. वय पंधरा, इंग्रजी शाळेत जाणारी, आणि नाकाचा शेंडा कायम वर. मला पुसायचे काम तिचे. त्या संध्याकाळी पुसताना तिने आत हात घातला आणि तळ चाचपला. हात तिथेच थांबला.

"अप्पा, हिचा तळ वर आलाय."

"पडली आसंल कवातरी."

"पडल्यावर काठ चेपतो, अप्पा. तळ न्हाय."

चनबसप्पाने मान वर केली नाही. "घर कशावर चालतंय ते तुला ठाव न्हाय. पुन्ना ह्यो इषय काढलास तर शाळा बंद."

आईने तिला मोठ्यांच्या मधे पडू नको म्हणून दटावले. थोरला भाऊ सोमलिंग हसला. "सगळा बाजार हेच करतोय, मल्ले. तू एकटीच लई शानी?"

मल्लव्वा गप्प बसली. गप्प बसली म्हणजे समजली, असे घरातल्यांना वाटले. ती रोज मला पुसत होती, आणि रोज तळाशी तिचा हात थांबत होता, हे त्यांना कुठून कळणार?

वैशाखात सोमलिंगाचे लग्न झाले. नवरी शिवम्मा, दुधनीची. नवी सून घरात येते तेव्हा उंबऱ्यावर तांदळाचे माप ठेवतात आणि ती ते पायाने लवंडून आत येते. पुष्कळ घरी लहानशा मापट्यावर भागते. पण आमचे घर व्यापाऱ्याचे. सुनेच्या पावलाने दुकानाला बरकत यावी म्हणून इथे दुकानातली पायलीच उंबऱ्यावर ठेवायची रीत. माझ्यात तांदूळ भरले गेले. दारात सनई वाजत होती. सगळी पेठ जमली होती, रुक्मिणीसुद्धा मागे उभी होती.

आणखी एक रीत तुम्हाला ठाऊक असेल. नवरा-नवरी दाराशी आले की नवऱ्याची बहीण दार अडवते आणि मागेल ते मिळाल्याशिवाय सोडत नाही. मल्लव्वा दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली. बाया ओरडू लागल्या, "इरकल माग गं, इरकल! सोडू नगं त्याला!"

"देतो की इरकल," सोमलिंग ऐटीत म्हणाला. "आनि माझी लेकबी तुझ्या लेकाला देतो. सर आता."

"लुगडं नगं, लेक नगं," मल्लव्वा म्हणाली. तिने मला उचलले, तांदूळ परातीत ओतले आणि माझे तोंड बापाकडे केले. "अप्पा, हिचा तळ सरळ करा. वैनीचं पयलं पाऊल खोट्या मापावरनं आत यायला नगं."

सनई थांबली. चनबसप्पाचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"आत हो," तो दात आवळून म्हणाला. "न्हायतर तंगडी मोडीन."

"मोडा. दार सोडनार न्हाय."

मित्रांनो, मी तिच्या हातात होते, म्हणून मला माहीत आहे. तिचे तळवे घामाने भिजले होते, मी निसटता निसटता राहिले. धीट माणसाच्या हाताला घाम सुटत नाही असे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका.

"मल्ले, आज न्हाय," सोमलिंग हळूच म्हणाला. "उद्या बगू."

तेव्हा नवरीने मान वर केली. उन्हाने फरशी तापली होती आणि तिचे पाय अनवाणी होते. "ना निंदरतीनि," ती कानडीत म्हणाली. मी उभी राहते. आणि राहिली.

सोमलिंगाने बायकोकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले. त्याची ऐट उतरली. "बत्ता कुटं हाय?" त्याने विचारले. बत्ता दाराआडच होता. मल्लव्वाने तो सकाळीच आणून ठेवला होता. सोमलिंगाने हात पुढे केला, पण बापाने मधेच बत्ता हिसकावून घेतला.

"सर बाजूला. मी बिगडवलीया, मीच नीट करनार."

चनबसप्पाने मला दारातल्या दगडावर ठेवले आणि आतून ठोके घातले. सनई बंद होती, म्हणून माझा आवाज पेठेच्या टोकापर्यंत गेला. किती दिवसांचे ओरडणे माझ्यात साठले होते! तळ जागेवर बसला. वण राहिले, ते अजून आहेत. मग तांदूळ भरले आणि शिवम्मा मला लवंडून आत आली.

गोष्ट इथे संपली असती तर मल्लव्वाचे फुकटात भागले असते. तसे झाले नाही. "मापाची येवढी चाड हाय न्हवं? मग शाळा बास, बस दुकानात," चनबसप्पाने फर्मावले. त्या काळी घरच्या लेकीने गादीवर बसून धान्य मोजणे म्हणजे शोभाच. समोरचा दुकानदार टिंगल करायचा, काही गिऱ्हाइकांनी तर इतके दिवस फसवले म्हणून पाठ फिरवली. मल्लव्वा नाकाचा शेंडा वर ठेवून रोज बसली.

एके दिवशी रुक्मिणी तेच गाडगे घेऊन आली. मल्लव्वाने मला भरले आणि रस्त्यापलीकडे जाईल अशा आवाजात म्हणाली, "लाभ!" ज्वारी गाडग्याच्या गळ्याला टेकली. रुक्मिणीने आत वाकून पाहिले, मग चनबसप्पाकडे पाहिले.

"मालक, माजं गाडगं पुन्ना ल्हान झालं की हो!"

या वेळी तिची थट्टा कुणी केली नाही. सगळ्यांत आधी चनबसप्पाच हसला, आणि हसता हसता त्याने उपरण्याने डोळे पुसले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मल्लव्वाला पोचवायला तो स्वतः गेला. का, ते त्याने कुणाला सांगितले नाही.

पुढे सरकारी शिक्क्याची मापे आली आणि मी राखेला लागले. मल्लव्वा आता मुलींच्या शाळेत शिकवते. माहेरी आली की राखेत हात घालून माझा तळ चाचपते, हात काळा झाला तरी.

आमच्यासारख्या जुन्या वस्तूंनी शेवटी 'आम्हाला जपा' म्हणायचे असते. मी नाही म्हणणार. मला घासू नका, कपाटात मांडू नका. तुमच्या घरातले माप तेवढे आत हात घालून पाहा. तळ वर आलेला लागला तर बोला. 'सगळेच करतात' म्हणणारा सोमलिंग भेटेल, 'तंगडी मोडीन' म्हणणारा बाप भेटेल, हातालाही घाम सुटेल. सुटू दे. दार सोडू नका.