इंदूबाईंची सही

इंदूबाई सोनटक्के यांना मिशनच्या कबरस्तानात जागा मिळाली नाही. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला लागायला नको. आता ते झालंच नाही असं धरून चालू. कारण त्या मंगळवारी, एप्रिल १९७३मध्ये, सकाळी आठ वाजता इंदूबाई चांगल्या जिवंत होत्या. डाव्या हाताने वांग्याची भाजी हलवत होत्या आणि उजव्या हाताने सही करत होत्या.

"घ्या, पाहा," त्यांनी कागद नवऱ्यापुढे सरकवला.

नवरा म्हणजे कवडूजी, धंदा अर्जनवीस. कचेरीबाहेर कडुनिंबाखाली त्यांचं टेबल होतं. लोकांची खरेदीखतं, वाटणीपत्रं आणि कबुलायती लिहिण्यात तीस वर्षं गेलेली. त्यांनी भिंग काढलं आणि आजची सही कालच्या सहीशेजारी धरली.

"नाई जमलं. कालची उतरती व्हती, आजची चढून राहिली. सही दर खेपेले सारखी पाहिजे वं."

"काल माही कंबर दुखे. आज नाई दुखून राहिली. मंग सही चढनच ना!"

"कोर्ट कमरेले विचारत नाई."

"मी काय कोर्टासंग करार करून राहिली? देवाले अंगठा काहून चालत नाई?"

"देवाले चालन. मले नाई चालत."

हे संभाषण सत्तावीस वर्षं चाललेलं होतं. कवडूजी जन्माने ख्रिस्ती, इंदूबाई कन्हानच्या, हिंदू घरातल्या. लग्न झालं आणि बाप्तिस्मा राहिला. राहिला म्हणजे कवडूजींनी ठेवला. बाप्तिस्मा म्हणजे देवाशी करार. करार म्हटला की दोन पक्षकार, दोन साक्षीदार आणि दोघांच्या सह्या, हे त्यांना शाळेतल्या पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ होतं. अंगठ्याच्या कागदांचं काय होतं तेही ते रोज पाहत. अंगठेवाला उभा राहून म्हणतो, साहेब, काय लिहिलं ते मले समजलंच नाई, आणि कागद कोसळतो. न्यायाच्या दिवशी आपल्या बायकोवर तशी पाळी येऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. आधी सही शीक, मग बाप्तिस्मा.

जुने पाळक अधूनमधून विचारायचे. कवडूजी म्हणायचे, "कागद तयार होऊन राहिला." ते पाळक वारले. पुढच्यांनी विचारलंच नाही, कारण इंदूबाई दर रविवारी मागून तिसऱ्या बाकावर बसलेल्या असत. प्रभुभोजनाची, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांनाच मिळणाऱ्या भाकरीची, वेळ झाली की त्या बाहेर जाऊन सगळ्यांच्या चपला जोडीने लावत. मंडळीत सगळे म्हणत, काय सेवाभावी बाई आहे.

"उद्या सारखी करीन," इंदूबाई म्हणाल्या. "भाजीत मीठ कमी हाये. डब्यात येगळं ठेवलं."

कवडूजी डबा घेऊन निघाले.

साडेअकराला शेजारच्या यमुताई सायकलरिक्षाने कचेरीवर आल्या. कवडूजींसमोर वाटणीवाले दोन भाऊ बसले होते.

"कवडूजी, चला घरी. इंदू रांजणापाशी पडली."

"पडली म्हंजे?"

"पडली, आन उठली नाई."

कवडूजींनी मान हलवली. मग त्यांनी हातातलं वाक्य पूर्ण केलं: 'सदर वाटणी उभयतांस मान्य व कबूल आहे.' टीपकागद दाबला. धाकट्या भावाला सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. त्याने केली. थोरल्याने केली.

"चला ना हो," यमुताई म्हणाल्या. त्या आता रडत होत्या.

"साक्षीदार राहिले," कवडूजी म्हणाले, आणि रिक्षात जाऊन बसले.

दुपारी एकला ते पाळकांच्या बंगलीवर पोहोचले. पाळक वसंतराव अहमदनगरकडचे, येऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्यांनी नोंदवही काढली, बोट फिरवत गेले, परत वर आले.

"सोनटक्के, बाईंचा बाप्तिस्मा कुठल्या साली?"

"नाई झाला. सही बसून नाई राहिली तिची."

"कुठली सही?"

"बाप्तिस्म्याची. तिची, पक्षकार म्हनून."

पाळकांनी चष्मा काढला. "अहो, बाप्तिस्म्याला उमेदवाराची सही लागत नाही."

"अंगठा?"

"अंगठाही नाही. मी विचारतो, तुझा विश्वास आहे का. ती म्हणते, आहे. मी पाणी घालतो. नोंद मी करतो, सही मी करतो."

"मंग ती काय करते?"

"काही नाही. भिजते."

कवडूजींनी हेच आणखी दोनदा विचारलं. उत्तर तेच आलं. पाळकांनी वहीची पानं मागे उलटली आणि १९१८ साली थांबले. "हे बघा, तुम्ही. कवडू, वय महिने तीन. तुम्ही कुठे सही केली होती? तेव्हाच्या पाळकांनी शेरासुद्धा लिहिलाय: मूल झोपेत होते."

"झोपीत?"

"शास्त्रातसुद्धा तसंच आहे. तेव्हा करार करायची रीत अशी, की जनावरं चिरून समोरासमोर ठेवायची आणि दोन्ही पक्षांनी मधून चालत जायचं. मी शब्द मोडला तर माझेही असेच तुकडे होवोत. देवाने अब्राहामाशी करार केला तेव्हा अब्राहाम काय करत होता?"

"चालत व्हता."

"गाढ झोपला होता. मधून गेली ती धुराची शेगडी आणि पेटती मशाल. म्हणजे एकटा देवच चालला."

कवडूजी उभे होते, ते खुर्चीवर बसले. "म्हंजे एकतर्फी?"

"एकतर्फी."

"असा कागद एक दिवस टिकनार नाई, साहेब."

"म्हणून तर त्याने कागद केला नाही." पाळकांचा आवाज उतरला. "काल जरी तुम्ही दोघं आला असतात ना, तर पेलाभर पाण्यात झालं असतं."

बंगलीच्या कौलांवर ऊन वाजत होतं.

"मंग पुरा तिले," कवडूजी म्हणाले. "देवाले सही लागत नाई ना?"

"देवाला नाही लागत. कबरस्तान पंचांच्या ताब्यात आहे. नोंद नसेल तर जागा नाही, असा ठराव आहे. मी आत्ता पाचही जणांना भेटलो तरी—" ते थांबले. "त्यांच्या सह्या लागतात."

त्यांनी तरी सायकल काढली आणि भर उन्हात पाचही पंचांच्या दारी गेले. दोघे गावाला गेले होते, दोघांनी ठराव वाचून दाखवला. पाचवे रडले, आणि मग त्यांनीही ठराव वाचून दाखवला.

एप्रिलच्या उन्हात मढं थांबत नाही. कन्हानहून इंदूबाईंचा भाऊ धोंडबा मेटॅडोर घेऊन आला. त्याला कवडूजींनी सगळं सांगितलं: सही, नोंद, ठराव, अब्राहाम.

धोंडबाने ऐकून घेतलं. "जवाई, माही बहीण हाये," तो म्हणाला. "मले कोनता कागद पाहिजे? पाय धरा तिकडून."

संध्याकाळी कन्हान नदीच्या काठावर इंदूबाईंना अग्नी दिला. पाळक मागे उभे होते. त्यांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. ते नियमात बसत होतं की नाही हे कुणी विचारलं नाही.

सोमवारी कवडूजी टेबलावर आले. दोन गिऱ्हाइकं त्यांनी शेजारच्या अर्जनविसाकडे पाठवली, कोरा कागद घेतला, डावीकडे चार बोटं समास सोडला आणि एका दमात, खाडाखोड न करता लिहिलं:

मा. अध्यक्ष, पंचमंडळ यांचे सेवेशी.

अर्जदार कवडू सोनटक्के, वय वर्षे पंचावन्न, धंदा अर्जनवीस, सविनय सादर करतो की, अर्जदाराचा बाप्तिस्मा वय महिने तीन असताना झाला असून त्या वेळी अर्जदार झोपेत होता. अर्जदाराने सदर करारावर सही केलेली नाही, अंगठा दिलेला नाही, व सदर कराराचा अर्थ त्यास मागील मंगळवारपावेतो माहीत नव्हता. अर्जदाराची पत्नी सत्तावीस वर्षे जागी होती.

सबब विनंती की, अर्जदाराचा बाप्तिस्मा मूळ तारखेपासून मयत इंदूबाई यांचे नावे वर्ग करण्यात यावा. तसे केल्याने अर्जदाराचे नाव वहीतून कमी होत असल्यास अर्जदाराची काही एक हरकत नाही.