अनोळखी आवाज, पुरुष

शेवटच्या बाकाच्याही मागे माझं टेबल होतं. टेबलावर मशीन, मशीनवर फिरणाऱ्या दोन चकत्या आणि माझ्या डोक्याला हेडफोन. विद्यापीठाच्या ध्वनिमुद्रण विभागात मी सव्वीस वर्षं टेपवाला होतो. नोकरीचा नियम एकच, आवाज करायचा नाही. खोकला आला तर लवंग चावायची. फितीवर प्राध्यापकांनी बोलायचं, मी फक्त ती फिरवायची.

माझी शाळा दहावीत सुटली ती सुटलीच. पण हेडफोनमधून मी जे शिकलो ते पुढच्या बाकावरच्या कित्येकांनी शिकलं नसेल. त्यांना बघायला खिडकी होती, मला फक्त मशीनवरचा आवाज मोजणारा काटा. काही प्राध्यापक वर्षानुवर्षं त्याच पिवळ्या कागदांवरून वाचायचे. त्यांचे विनोद कुठल्या मिनिटाला येणार ते मला पाठ होतं. पुढे त्यातल्या दोघांच्या नावाने सभागृहं झाली. असो.

आणि एक सर होते. मानसशास्त्राचे. 'ऐकणं' या एका विषयावर चोवीस तास घ्यायचे. हातात कागद नाही, खडू मात्र दोन, एक बोटांत आणि एक कानावर. फळ्यावर एवढा मोठा कान काढायचे आणि त्याच्याशीच बोलत सुटायचे. तास संपल्यावर माझ्या टेबलाशी येऊन विचारायचे, "काय टेपवाले, आज काटा नाचला का?" सव्वीस वर्षांत मला हे विचारणारा तो एकच माणूस.

सर गेले, मी निवृत्त झालो, फिती लोखंडी कपाटात गेल्या आणि कपाटाची किल्ली कोणाकडे तरी गेली. लोकांच्या पैशाने चाललेले वर्ग, लोकांच्याच पैशाने घेतलेल्या फिती आणि लोकांना ऐकायची बंदी. याला विद्यापीठ जतन म्हणत होतं. मी त्याला पुरून ठेवणं म्हणतो.

मग यंदा कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. जुनी व्याख्यानं खुली करायची. खुला परवाना म्हणजे कोणीही ऐकावं, उतरवून घ्यावं, वर्गात वापरावं, हवं तर कापून-जोडून नवीन काही करावं. अट एवढीच की मूळ नाव सांगायचं. सगळं ठरलं आणि मग कळलं की ते मशीन चालवता येणारं कोणी उरलेलंच नाही. तेव्हा माझी आठवण झाली.

कामावर माझ्याबरोबर एक मुलगी होती. कायद्याचं शिकलेली, माझ्या पुतणीच्या वयाची. सगळे तिला परवानगीबाई म्हणायचे. मी फीत लावायची, तिने ऐकायचं आणि कोणाची परवानगी लागेल ते तक्त्यात लिहायचं. त्या काळात कोणी कसला करार केलेला नव्हता. सर बोलले, मी फीत फिरवली, संपलं. म्हणून आता सरांच्या वारसाची सही हवी. सरांनी सातव्या तासाला एक गाणं वाजवलं होतं, ते ज्या कंपनीचं होतं तिला तीन पत्रं गेली, उत्तर शून्य. परवानगीबाईने गाणं कापलं आणि तिथे लिहिलं, 'इथे सरांनी एक गाणं ऐकवलं होतं.'

"काका, कापताना जीवावर येतं," ती म्हणाली.

"मग कापू नकोस."

"आपलं नाही ते आपण कसं वाटणार? आधी विचारायचं, मगच वाटायचं."

हे मला पटलं. विद्यापीठाने मला आयुष्यात कधी काही विचारलं नव्हतं.

वर्गात विचारलेल्या प्रश्नांचंही तसंच. आवाज ओळखू येत असेल तर त्या माणसाला शोधून विचारायचं, सापडला नाही तर प्रश्न कापायचा. अकराव्या तासाची फीत संपली तेव्हा तिने तक्त्यात लिहिलं, 'अनोळखी आवाज, पुरुष. मागच्या बाजूने. परवानगी नाही. कापावा.'

मी लवंग चावत बसलो. तो आवाज माझा होता.

झालं होतं असं. पहाटे लांबचा आवाज मोठा का ऐकू येतो, हे सर सांगत होते. म्हणाले, आजूबाजूला शांतता असते म्हणून आपल्याला तसं वाटतं. आवाज तेवढाच असतो, खेळ सगळा मनाचा. फळ्यावर तसं लिहिलंही. आता मी रोज सकाळी माइक तपासायला तो खिडकीबाहेर धरायचो. सहाला गिरणीचा भोंगा व्हायचा, दुपारी दोनला परत. दोन्ही वेळचा काटा मी वहीत लिहायचो, उगाच, सवय म्हणून. आणि सकाळचा काटा दुपारच्यापेक्षा बराच वर जायचा.

तोंडातून निघून गेलं. "सर, पण काटासुद्धा वर जातो. माणसाच्या मनाला शांतता वाटेल. काट्याला कुठलं मन?"

अख्खा वर्ग मागे वळला. फितीवर बाक करकरल्याचा आवाज, त्यानंतर चाळीस सेकंद काहीच नाही. मग डस्टर फिरल्याचा. मग सर म्हणतात, "माझं चुकलेलं दिसतंय. का ते मला माहीत नाही. पुढच्या तासाला सांगतो."

बाराव्या तासाला त्यांनी सांगितलं. भौतिकशास्त्राच्या विभागात जाऊन विचारून आले होते. पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि वरची उबदार, त्यामुळे वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो. फळ्यावर चित्र काढलं, माझ्याकडून मागून घेतलेले वहीतले आकडे मांडले. प्राध्यापकाच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे मी सव्वीस वर्षांत एकदाच रेकॉर्ड केलं.

पण बातमी प्राध्यापकांच्या खोलीत गेली. मला ताकीदपत्र मिळालं ते मिळालं, सरांना नाव पडलं, 'टेपवाल्याचा शिष्य'. चहाच्या वेळी, बैठकीत, निरोपसमारंभाच्या भाषणातसुद्धा. सर हसायचे. मी त्या दिवसापासून त्यांच्या तासाला मान वर केली नाही.

म्हणून गप्प बसलो होतो. पण तो प्रश्न गेला तर पुढचं सगळंच लंगडं होणार. ते डस्टर कशासाठी फिरलं, हे कोणालाच कळणार नाही.

सरांची मुलगी दातांची डॉक्टर. तिला वारस म्हणून सही करायची होती. परवानगीबाई आणि मी तिच्या दवाखान्यात गेलो. दुपारची वेळ, बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेली एक बाई आणि भिंतीवर जबड्याचं चित्र. डॉक्टरने हातमोजे काढले, कागद पूर्ण वाचला आणि म्हणाली, "तेवीस तासांवर सही करते. अकरावा नको."

"कारण सांगाल का?" परवानगीबाईने विचारलं.

"तुमच्या परवान्यात लिहिलंय, कोणीही कापून वापरावं. उद्या कोणी तेवढाच तुकडा काढेल, प्राध्यापकाची कशी जिरली म्हणून फिरवेल. मी शाळेत असताना आमच्या घरी लोक यायचे, माझ्यासमोर बाबांना टेपवाल्याचा शिष्य म्हणायचे आणि आमचाच चहा पिऊन जायचे. परत नको ते. तो टेपवाला कोण होता कुणास ठाऊक. त्याला एक मिनिट तोंड बंद ठेवता आलं नाही."

परवानगीबाईने माझ्याकडे बघितलं नाही, तिला काही माहीतच नव्हतं. मी निमूट राहिलो असतो तर फीत परत कपाटात गेली असती आणि मी आपला अनोळखी, पुरुष.

"तो मीच," मी म्हणालो.

डॉक्टरने कागद खाली ठेवला. "इथे लोक तोंड उघडायला घाबरतात," ती सावकाश म्हणाली. "तुम्हाला तेव्हाही भीती वाटली नाही आणि आताही नाही."

"तेव्हा वाटली होती. म्हणून हे आणलंय."

पिशवीतून मी दुसरी एक जुनी वही काढली. प्रत्येक तासानंतर मी तिच्यात कापायची यादी करायचो. कुठे खुर्ची पडली, कुठे कोण शिंकलं. ती यादी सरांना दाखवायची, त्यांची सही झाली की कात्री लावायची. आमची पद्धतच तशी होती. अकराव्या तासाच्या पानावर मी पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'टेपवाल्याचा प्रश्न. कापणे.' त्यावर लाल शाईने आडवी रेघ, आणि शेजारी सरांच्या हातचं, 'हे राहू दे. बाकी काय हवं ते काप.'

तिने ती ओळ कितीदा वाचली मला माहीत नाही. लाल शाईवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं, जणू पुसली जाईल.

"बाबांचा 'ह' असाच होता. पोट फुगलेला," ती म्हणाली. मग परवानगीबाईला, "हा परवाना धरता येतो का?"

"परवाना नाही म्हणता येणार. इच्छा म्हणता येईल. सही तुमचीच लागेल."

बाहेरच्या बाईने दारातून डोकावून विचारलं, "अजून किती वेळ?"

"दोन मिनिटं, मावशी," डॉक्टर म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आणि लोकांनी फिरवलं तर?"

"फिरवतील," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू? "हसणारे तेव्हाही होते, उद्याही असतील. पण कुठेतरी एखादी पोर फळ्यासमोर उभी राहून म्हणेल, मला माहीत नाही, उद्या सांगते. तिला हे ऐकायला मिळायला हवं."

"बारावा तास याला जोडून द्या. एकाच फाईलमध्ये. चूक ऐकणाऱ्याला उत्तरही ऐकू येऊ दे."

"जोडून देऊ," परवानगीबाई म्हणाली. "तोडायचा हक्क मात्र सगळ्यांना राहील."

"राहू दे," डॉक्टर म्हणाली आणि चोवीस तासांवर सही केली. जाताना मला म्हणाली, "तुमचे पुढचे दात हलतायत. लवंग बंद करा, आणि पुढच्या आठवड्यात या."

ऑफिसात परत आल्यावर परवानगीबाईने माझ्यासमोर एक कोरा फॉर्म सरकवला. माझ्या आवाजाची परवानगी. पेनचं टोपण काढत म्हणाली, "काका, तुम्ही तिथे बसून माझी मजा बघत होतात होय? मी अनोळखी लिहीत होते आणि तुम्ही लवंग चावत होतात."

"तू विचारलं नाहीस."

"आता विचारते. त्या वेळी विद्यापीठाशी तुमचं नातं? इथे चार पर्याय आहेत. शिक्षक, विद्यार्थी, पाहुणा, कर्मचारी." तिने पेन दुसऱ्या पर्यायावर टेकवलं. "विद्यार्थी लिहूया ना. खरं म्हणजे तुम्ही तेच होतात."

तिचं मन चांगलं होतं. म्हणूनच मला राग आला. मी विद्यार्थी असतो तर बाक मिळाला असता, ओळखपत्र मिळालं असतं, आणि प्रश्न विचारल्याबद्दल ताकीदपत्र नक्की मिळालं नसतं.

"कर्मचारी लिही," मी म्हणालो. "हेडफोन लावलेल्या कर्मचाऱ्याने विचारलं आणि सरांनी फळा पुसला. जे झालं ते तसंच जाऊ दे."

तिने लिहिलं. मी सही केली. मग सवयीने हेडफोन घातले आणि अकरावी फीत शेवटची एकदा लावली. सर बोलत होते, खडू टकटकत होता. माझा आवाज आला, कोवळा, घाबरलेला, माझाच आहे हे ठाऊक नसतं तर ओळखला नसता. मग ते चाळीस सेकंद. त्यात काटा अजिबात हलत नाही. मी तरी बघत राहिलो.