ठिपक्यांची रेघ

“राणे, तीनला मीटिंग आहे. झालं ना सगळं?” शुभा मॅडमनी टेबलावर वाकून विचारलं.

“नकाशा झाला, मॅडम. वाऱ्याचा आलेख तेवढा राहिलाय.”

मुलुंडच्या त्या वीज-नियोजनाच्या कचेरीत दत्ताराम राणे अठरा वर्षं नकाशे काढत होता. पक्की ठरलेली लाइन सलग रेघेची, बेभरवशाची ठिपक्यांची. या वेळी सलग रेघ थेट त्याच्या गावाला जात होती. कोकणातल्या त्या गावावरच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, पवनचक्क्या लागणार, त्यांची वीज न्यायला लाइन येणार, आणि गावातही दिवे लागणार. आईनं तर बल्बसाठी ओटीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. वारा पुरेसा आहे का, हे सांगणारी वही मात्र चुलतभाऊ लवू भरत होता. रोज तीनदा सडा चढायचा, वाऱ्याचा मीटर वाचायचा, लिहायचं. ती नोकरी दत्तारामनंच चिकटवून दिलेली.

शहाऐंशी सालच्या आलेखात तो गणपतीच्या पाच दिवसांवर आला. ताशी पंचवीस किलोमीटर, सत्तावीस, सव्वीस. रोज, तिन्ही वेळा.

त्यानं पेन खाली ठेवलं. अहो, त्या दिवसांत लवू सड्यावर गेलाच कधी? तो तर दत्तारामच्या मांडीला मांडी लावून भजनाला बसला होता. गणपतीत कोकणातला माणूस सडा चढतो होय? आणि वारा कुठला, निरांजनाची ज्योत हलत नव्हती.

विसर्जन करून येताना लवूनं विचारलं होतं, “दत्त्या, लाइन येतली मा रे?”

“वारो जोरात लागलो तर येतली,” हा शहाणा बोलून गेला होता. लवूनं तेवढंच धरलं आणि राहिलेल्या पानांवर वारा जोरात लिहिला.

बोलावं तर लवूची नोकरी जाते, गाव अंधारात राहतं. गप्प बसावं तर सगळी योजना खोट्या वाऱ्यावर उभी राहते. घड्याळात सव्वादोन झाले होते. त्यानं वही उघडी ठेवून मॅडमना आपल्या टेबलाकडे बोलावलं.

“मॅडम, हे पाच दिवस धरू नका. मी गावी होतो. वारा नव्हता.”

मॅडमनी वही ओढून घेतली आणि बराच वेळ पानं चाळली.

“पाच दिवस काढून टाकू हो. पण बाकीच्या दिवसांचं काय? तेव्हा होतात तुम्ही तिथं?”

“नाही.”

“मग वर्षभर पुन्हा मोजावं लागेल. माणूस बदलून. तोवर ठिपके काढा.” मग त्यांनी हळूच विचारलं, “वही कुणी भरली?”

“माझ्या भावानं.”

मॅडमनी वही मिटली. खुर्ची सरकवून आपल्या टेबलाकडे गेल्या.

दत्तारामनं अर्धं ब्लेड घेतलं आणि ट्रेसिंग पेपरवरच्या सलग रेघेची शाई मध्येमध्ये खरवडायला लागला. कागद फाटू नये म्हणून अगदी हलक्या हातानं, तुकडा तुकडा करून. पावणेतीनला काम संपलं. गावाच्या नावावर काळी पूड साचली होती. तो खाली वाकला आणि ती फुंकरीनं उडवली.